काकीच्या खोलीतला आवाज: पेडण्यातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

काकीला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला २०२३च्या चवथीनंतर. पाहुणे परतले होते, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची आरास, उतरवून झाली होती, आणि आठवडाभराच्या गजबजाटानंतर घर निवांत झालं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला वाटलं, वरच्या रस्त्याला कुणीतरी ट्रक चालू ठेवून उभा आहे. ती उठून पडवीत आली. रस्ता मोकळा होता. परत खोलीत गेली, तर ट्रक चालूच.

तिचं माहेर डिचोलीकडच्या खाणपट्ट्यातलं. खनिजाचे ट्रक घराच्या उंबऱ्यावरून गेल्यासारखे जायचे, त्या आवाजात ती लहानाची मोठी झाली. म्हणजे आवाजाने चिडणारी बाई ती नव्हे. पण हा ट्रक येत नव्हता, जात नव्हता, नुसता उभा होता. पहाटे कधीतरी बंद व्हायचा आणि मग तिला तासभर झोप लागायची.

घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, भरवस्तीपासून थोडं बाजूला. घरात काका आणि काकी दोघंच. काका सत्तरीचे, काकी बासष्ट वर्षांची. मुलगा पुण्याला. मागच्या बाजूला पूर्वी काजूची बाग होती. ती विकली गेली आणि तिथे एक व्हिला उभा राहिला. मालक बाहेरचे, वर्षातून दोन-तीनदा येतात. एरवी कुलूप, नाहीतर भाड्याने आलेले पाहुणे.

पुढचे आठ महिने काकीने जे ऐकलं, त्यात तो आवाज हा एक भाग होता. दुसरा भाग माणसांचा. काका म्हणाले, मला तर काही ऐकू येत नाही. मुलगा म्हणाला, बीपी तपासून घे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मोपाचा विमानतळ झाल्यापासून रात्रीची शांतता गेलीच. हे निदान तपासून बघण्यासारखं होतं. मोपाहून विमानं उडायला लागली ती ५ जानेवारी २०२३ला, आणि विमानाचा आवाज येतो तसा सरकत निघून जातो. काकीचा आवाज जागचा हलत नव्हता. वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, एका म्हाताऱ्या आजोबांनी देवचाराचं, गावाची राखण करणाऱ्या देवाचं, नाव घेतलं. राखणदार रात्री हद्दीतून फिरतो, तुम्हाला त्याची चाहूल लागत असेल, म्हणाले. काकीला त्यांचा राग आला नाही. निदान त्यांनी आवाज आहे हे धरून तरी चाललं होतं.

शेवटी तिने देवळात कौल मागायला मूर्तीला पाकळ्या लावल्या. प्रश्न एवढाच ठेवला, हा आवाज खरा आहे की माझ्या डोक्यातला? खरा असेल तर उजवा प्रसाद दे. उजवी पाकळी पडली. त्या रात्री आवाज होताच, पण आपण घाबरलो नाही, असं ती मला नंतर म्हणाली.

मी तिचा पुतण्या. म्हापशाला उच्च माध्यमिकमध्ये पदार्थविज्ञान शिकवतो. फोनवर मीही सहा-सात महिने तिला 'होईल बरं' एवढंच म्हणत होतो. ध्वनी हा विषय दरवर्षी वर्गात शिकवणाऱ्या माणसाने असं म्हणावं, याचं मला आजही वाईट वाटतं. २०२४च्या मे महिन्यात सुट्टीला गेलो, तेव्हा तिचे डोळे खोल गेलेले होते. दुपारी भाजी चिरताना तिने विळी बाजूला ठेवली आणि कोकणीतून विचारलं, "माका पिशें लागलां काय रे?" वेड लागलंय का मला, असं विचारणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं तर आधी तपासावं लागतं. त्या दिवसापासून आम्ही तपासायला घेतलं.

नोंदी

सुरुवात कॅलेंडरपासून केली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय होतं, त्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला असायचा. त्याच चौकटीत आवाज सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ लिहायची असं ठरलं. वीज गेली तर तीही लिहायची, किती वाजता गेली आणि किती वाजता आली. विजेच्या नोंदी मी सहज म्हणून करायला सांगितल्या होत्या. पुढे त्याच कामी आल्या.

पहिल्याच रात्री घरातला मेन स्विच बंद केला, इन्व्हर्टरही बंद केला. फ्रिज, पंखे, सगळं थांबलं. काकी खोलीतून म्हणाली, "आहे." म्हणजे आपल्या घरातलं काही नाही.

मग मी त्या खोलीत उभा राहिलो. काही ऐकू आलं नाही. खिडकी उघडली, तर रातकिडे आणि बेडूक. बाहेर मागच्या गडग्यापर्यंत जाऊन आलो. काही नाही. परत येऊन तिला म्हणणारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "उभा राहून नाही ऐकू येत. माझ्या जागेवर नीज." पलंगाचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं. मी उशीवर डोकं ठेवलं, खिडकी लावली, आणि मिनिटभराने तो आला. आवाज म्हणण्यापेक्षा दाब म्हणावा असा. कानापेक्षा टाळूत जास्त जाणवणारा. उठून बसलो की कमी, खोलीच्या मधोमध उभा राहिलो की जवळजवळ गायब, आणि समोरच्या भिंतीपाशी गेलो की पुन्हा हजर.

हे शिकवताना मी हौदाचं उदाहरण देतो. हौदातलं पाणी एका लयीत हलवलं की दोन्ही काठांना ते वरखाली होतं आणि मधोमध जवळपास जागच्या जागी राहतं. बंद खोलीत खर्जातल्या आवाजाचं तसंच होतं. खोलीची लांबी आवाजाच्या तरंगलांबीच्या निम्मी असेल, तर दोन्ही भिंतींशी दाब सगळ्यात जास्त आणि मध्यावर सगळ्यात कमी. मी टेप लावून खोली मोजली. बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर. आपल्याकडच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर धरला, तर या खोलीत साधारण ४७ ते ४८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, आवाज असा घुमतो. काकीचं डोकं आठ महिने नेमकं दाब जास्त असलेल्या जागी होतं.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरची दोन मुलं आणि मी मिळून तो शिसवी पलंग ओढून खोलीच्या मध्यावर आणला. खोली विचित्र दिसायला लागली, काकांना मुळीच आवडलं नाही. काकी त्या रात्री पाच तास झोपली.

यंत्र काय सांगतं आणि काय लपवतं

मधल्या काळात एक तक्रार अर्ज झालेला होता. संबंधित खात्याची माणसं आलीही होती, पण दुपारी बाराला. मीटर पडवीत धरला, आकडा पाहिला, मर्यादेत आहे असं लिहून दिलं. मर्यादा म्हणजे ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांतली. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. आवाज रात्रीचा आणि खोलीतला, मोजणी दिवसाची आणि पडवीतली. पण ती माणसं रात्री खोलीत आली असती, तरी कागदावर फारसं वेगळं उतरलं नसतं. त्याचं कारण सगळ्यांना माहीत असायला हवं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नियमांतला डेसिबल हा 'ए' भारित असतो. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून मीटर ते आधीच वजा करून दाखवतो. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला सुमारे ३०. खोलीत ५० हर्ट्झच्या आसपास ५२ डेसिबलचा दाब असेल, तर मीटरच्या हिशेबात तो २२ धरला जातो. रातकिड्यांपुढे २२ कुठून दिसणार?

आणि ऐकू तो येतो. ५० हर्ट्झचा सूर निरोगी तरुण कानाला कळायला सरासरी ४४ डेसिबल लागतात. ही सरासरी आहे. कुणाला चार-पाच कमी पुरतात, कुणाला जास्त लागतात. शिवाय खर्जात एक गोष्ट घडते ती वरच्या सुरांत घडत नाही. ऐकू येण्याची रेघ ओलांडली की थोड्याशा वाढीनेही आवाज एकदम मोठा वाटायला लागतो. त्यामुळे एका पलंगावर शेजारी निजलेल्या दोन माणसांपैकी एकाला काहीच नाही आणि दुसऱ्याला असह्य, हे अगदी शक्य आहे. काका खोटं बोलत नव्हते. काकीही नाही. मी हे दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं. काका काही बोलले नाहीत, उठून तिच्यासाठी चहा करून घेऊन आले.

तिने कानात कापूसही घालून पाहिला होता, आणि आवाज उलट वाढला म्हणत होती. तेही बरोबरच. कापूस वरचे आवाज अडवतो, खर्ज आत येतोच, आणि त्याला झाकणारं काही उरत नाही. खिडक्या लावल्यावर तेच होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे मात्र मी तिला आग्रहाने नेलं. कानात मळ साठणं, कानाच्या आतल्या भागाचा आजार, कानातच उमटणारा नाद, हे सगळं असू शकतं आणि ते बघून घ्यायला हवं. तपासणी वयाच्या मानाने चांगली निघाली. पण नेहमीचा ऑडिओग्राम २५० हर्ट्झपासून पुढे मोजतो. काकीचा आवाज त्याच्या खूप खाली होता, तेव्हा त्या कागदाने ना तिची बाजू घेतली ना आमची शंका मिटवली.

मोबाइलवर मी 'फायफॉक्स' नावाचं मोफत ॲप वापरलं. जर्मनीतल्या आखन विद्यापीठाने शाळा-कॉलेजांतल्या प्रयोगांसाठी ते बनवलंय. मोबाइलचा माइक खर्जात डेसिबल नीट सांगत नाही, पण सूर कितीचा हे बरं सांगतो. भिंतीला टेकवून ठेवला आणि आलेखावर एक सुळका उभा राहिला, ४८च्या जवळ. त्याहून लहान दुसरा १००वर.

इथे माझी खात्री पटली. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो त्याच्या दुपटीने, १०० हर्ट्झला, कारण लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो. नुसता १०० असता, तर मी वाटेवरच्या ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवलं असतं. पण ४८ ना ५० आहे ना १००. साधी इंडक्शन मोटर विजेच्या चुंबकीय चक्राच्या किंचित मागे राहूनच फिरते. ५० हर्ट्झवर मिनिटाला ३००० फेरे व्हायला हवेत तिथे ती साधारण २८८० घेते. २८८०ला ६०ने भागा. बरोबर ४८ येतात. म्हणजे कुठेतरी एक मोटर फिरत होती, आणि वाड्यावर अशी मोटर म्हणजे बहुधा पाण्याचा पंप.

घड्याळ मागे पडत होतं

पंप म्हटल्यावर प्रत्येक घरात एक आहे. विहिरीवर आहे, बोअरवेलला आहे. कुणाच्या दारी जाऊन विचारायचं? तेव्हा कॅलेंडर काढलं.

मेच्या मधल्या आठवड्यात काकीच्या नोंदी सरळ होत्या. सुरू १०.२५, बंद ४.२५. रोज तेच. महिनाअखेर वळवाचा पाऊस झाला, दुपारी चाळीस मिनिटं वीज गेली. त्या रात्रीची नोंद: सुरू ११.०५, बंद ५.०५. जूनमध्ये तारेवर माडाची झावळ पडली, वीज तीन तास गेली. त्यानंतर सुरू २.०५, बंद ८.०५. काकीने त्या चौकटीत लिहिलं होतं, 'आता दूधवाला येऊन गेल्यावर थांबतो.'

मी ते आकडे मागच्या कोऱ्या बाजूला एकाखाली एक मांडले. आवाज दर वेळी सहा तासांचाच. त्याची लांबी बदलत नव्हती, जागा बदलत होती, आणि वीज जितकी जाई तितकीच. दुपारी गेलेली चाळीस मिनिटंसुद्धा रात्री चाळीस मिनिटांनी दिसत होती. हाताने बटण दाबणारं माणूस असं वागत नाही. असं वागतं ते गोल तबकडीचं टायमर-घड्याळ, ज्यात बॅटरी नसते. वीज गेली की तेही थांबतं आणि आल्यावर होतं तिथून पुढे चालायला लागतं. विहिरीच्या पंपाला असं टायमर सहसा कुणी बसवत नाही. रोज ठरावीक तास पाणी फिरवून गाळणारा पंप म्हणजे पोहण्याच्या तलावाचा.

व्हिलाचा राखणदार झारखंडचा पोरगा. त्याला हिंदीत सगळं सांगितलं, त्याने लगेच मागचं दार उघडलं. पंपाची खोली आमच्या बाजूच्या कुंपणभिंतीला लागून बांधलेली. ती भिंत पुढे येऊन काकीच्या जुन्या न्हाणीच्या भिंतीला मिळते, आणि न्हाणीच्या पलीकडे तिची खोली. पंप थेट काँक्रीटवर बोल्टने आवळलेला, त्याचा पाइप लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलेला. टायमर तबकडीचाच, आणि त्यावरची वेळ खऱ्या वेळेच्या तीन तास चाळीस मिनिटं मागे. मोटरवरच्या पत्र्यावर कोरलेलं होतं, २८८०. पंपाशेजारी उभं राहून ऐकलं, तर एखाद्या फ्रिजएवढाच आवाज. म्हणूनच रात्री बाहेर फिरून मला काही सापडलं नव्हतं. तो हवेतून येतच नव्हता, भिंतीतून येत होता.

रात्री का चालवता, विचारलं. पाहुण्यांना दिवसा आवाज नको म्हणून बसवणाऱ्यांनी तसं लावून दिलं होतं.

मालकीणबाईंशी फोनवर बोललो. भांडण करायचं नाही हे काकीने आधीच बजावलं होतं. आयुष्यभराचा शेजार आहे, म्हणाली. टायमर त्यांनी त्याच दिवशी सकाळी दहावर आणायला सांगितलं. पुढचं काम त्या दिवाळीला आल्या तेव्हा झालं. काकीने त्यांना आपल्या खोलीत नेलं, पंप मुद्दाम चालू करायला लावला. त्यांना काही ऐकू आलं नाही. काकीने त्यांचा हात धरला आणि तळवा भिंतीवर ठेवला. बाई तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग मराठी येत नसताना 'सॉरी मावशी' एवढंच म्हणाल्या. चार दिवसांत पंपाखाली जाड रबरी पाट आले, पाइपाच्या भिंतीवरच्या पट्ट्या काढून त्याला जमिनीवर वेगळा आधार दिला, मध्ये लवचीक नळीचा तुकडा घातला. आता फायफॉक्स भिंतीला लावलं तर ४८वर काहीही दिसत नाही.

जे राहिलं

प्रकरण इथे संपलं असतं, पण काकीच्या कॅलेंडरवर अजून फुल्या पडतात. नोव्हेंबरात नऊ, डिसेंबरात सहा, जानेवारीत चार. त्या रात्री पंप बंद असतो, मी राखणदाराला विचारून खात्री केलीय. मोबाइलही काही दाखवत नाही. आवाज बारीक असतो, सहा तासांचा नसतो, आणि पलंग कुठेही असला तरी तेवढाच.

तेव्हा मी तिला कोकोमोची हकीगत सांगितली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं हे गाव. लोक अशाच घुमण्याने हैराण झाले, म्हणून २००३मध्ये तपास झाला. कारखान्यांतली दोन यंत्रं सापडली, एक ३६ हर्ट्झचं, दुसरं १० हर्ट्झचं. दोन्ही दुरुस्त केली. कित्येकांचं बरं झालं, पण काहींना ऐकू येतच राहिलं. न्यू मेक्सिकोतल्या ताओसला १९९३मध्ये शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून शोध घेतला, तिथे सुमारे दोन टक्के रहिवाशांना आवाज येत होता आणि उगम सापडलाच नाही. उलट कॅनडातल्या विंडसरला नदीपलीकडच्या पोलादाच्या भट्ट्या २०२०मध्ये बंद झाल्या आणि लोक म्हणाले, आवाज गेला. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या ताओसच्या बायका मग काय करतात?"

आठ महिने एका सुरावर कान लावून बसलेलं मन तो सूर थांबल्यावरही त्याला शोधत राहतं, असं मला वाटतं. त्या बारक्या आवाजाचा उगम कानात असेल, मनात असेल किंवा अजून एखाद्या भिंतीत असेल. पण ती तो ऐकते, यात मला कसलीही शंका नाही, आणि आता घरात कुणालाच नाही.

अशा रात्री ती पंखा एकवर ठेवते आणि बागेकडची खिडकी उघडी टाकते. कधी काका उठून पडवीतल्या जुन्या रेडिओची नुसती खरखर लावून देतात. पलंग अजून मधोमधच आहे. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा काकीने नवं कॅलेंडर दाखवलं, फेब्रुवारीत तीन फुल्या. तिसऱ्या फुलीपुढे काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, '२.१० ते ३. मी जागा होतो.'